राखेच्या पाण्यातला कोको

ये गं मृणाल, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभी राहून घड्याळ काय बघत्येस? लग्न होऊन वर्ष होत आलं, तेव्हा कुठे तुला मामीआजीकडे यायला सवड मिळाली. आणि आलीस ती हातात काय घेऊन, तर काळ्या चॉकलेटची वडी. वर मला सांगत्येस, "मामीआजी, कडू लागेल, पण रक्तवाहिन्यांना चांगलं असतं." बाळे, हा धडा मी फार आधी शिकले, आणि त्याची किंमत ह्या उजव्या हाताने दिली. ठेव ती वडी फडताळात. तुझ्या आजेसासूबाई कशा होत्या म्हणून विचारलंस ना, मग आता नीट मांडी घालून ऐक. तुमच्या घरात हार घातलेला फोटो आहे, तो त्यांच्यासारखा मुळीच नाही. फोटोत त्या गप्प आहेत.

सगळं गुहागर त्यांना इंदूताई म्हणायचं. मी वन्सं म्हणायचे, कारण आमच्या ह्यांची ती थोरली बहीण. मी लग्न होऊन रत्नागिरीत ह्या घरात आले, आणि लग्नाला येता आलं नव्हतं म्हणून वन्सं त्याच महिन्यात मला बघायला आल्या. मी गूळपाणी घेऊन ओटीवर उभी, आणि बाई घरात येतच नाहीत. सरळ मागीलदारी गेल्या, न्हाणीच्या मोरीशी उकिडव्या बसल्या आणि दोन बोटं घालून आतला केसांचा गुंता ओढून काढला. तुंबलेलं पाणी गडगडत गेलं तसा त्यांचा चेहरा खुलला. हात धुऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हं, आता तुझं नाव सांग. पाणी कुठे अडलेलं असलं की मला समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही."

हे काही एका दिवसाचं नव्हतं. आमच्याकडे आल्या की मासळीला माझ्याबरोबर मिरकरवाड्याला यायच्या, आणि कुठलं तरी गटार तुंबलेलं दिसलं की छत्रीच्या टोकाने ते उकरत उभ्या राहायच्या. एकदा एक कोळीण वैतागून म्हणाली, "आजी, पापलेट घेतेस की गटार?" वन्संनी मान वर न करता सांगितलं, "गटार फुकट आहे, आधी ते घेते. पापलेटचं तू नीट सांग."

त्याला कारण त्यांची बाग. नारळ, पोफळी, मधूनमधून केळी. विहिरीचं पाणी मातीच्या पाटांतून एकेका झाडाच्या आळ्यात जायचं. सकाळी उठलं की वन्सं अनवाणी पाटाच्या कडेने निघायच्या, पायाच्या अंगठ्याने गाळ आणि पाला बाजूला सारत बागेच्या टोकापर्यंत जायच्या आणि तसंच परत. यजमान लवकर गेले. मुलगा, म्हणजे तुझे सासरे, नोकरीला मुंबईत. धाकटे दीर आबा शेजारच्या अर्ध्या बागेत. राहिलेली अर्धी बाग ह्या बाईने एकटीने उभी ठेवली. भाऊबीजेला हे ओवाळून घ्यायला गेले तरी आधी पाटावरून चक्कर मारून यावी लागायची, मग पाटावर बसायचं.

त्या बागेत कोको आला तो यजमान असताना. नारळाच्या सावलीत कोको चांगला होतो, बिया दारात येऊन घेऊन जाऊ, असं कुणी तरी सांगितलं आणि रोपं दिली. यजमानांनी ती हौसेने लावली आणि त्याच पावसाळ्यात गेले. झाडं मात्र वाढली. तू कोकोचं झाड बघितलं नसशील. त्याची फळं फांदीला धरत नाहीत, थेट खोडालाच चिकटतात, पिकली की पिवळीधमक होतात. फोडलं की आत पांढरा आंबटगोड गर, आणि गरात बिया. बिया न्यायला एक माणूस थोडी वर्षं आला आणि मग यायचा बंद झाला. फळं खारी आणि माकडं खायला लागली. आबा म्हणायचे, "वयनी, ही खारींची खानावळ किती दिवस चालवणार? तोडू या, जायफळ लावू." वन्सं पाटाकडे वळायच्या. यजमानांच्या हातची शेवटची लावणी होती ती. त्यांना नुसतं एक कारण हवं होतं, ही झाडं कामाची आहेत असं चारचौघांत सांगता येईल असं.

आता माझं सांगते. माझी आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. तिचा उजवा हात तिच्याच पोटावर ठेवलेला असायचा, आणि ती त्याच्याकडे असं बघायची, जसा कुणी दुसऱ्याने तो तिथे विसरून ठेवलाय. त्या दिवसापासून मला जगात भीती एकच, आपला हात असा होऊ नये. मी पोलकी शिवायची. मला कुणी शिकवलं नाही. लोकांची जुनी पोलकी उसवून उसवून, कटोरी कुठून वळते, बाही कुठे दाबते, ते बघत शिकले. हात हेच माझं शिक्षण. अठ्ठ्याण्णव साली इथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाले, रक्तदाब वाढलाय, रोज एक गोळी, आणि ती आता जन्माची. मी घाबरून गोळी सुरू केली. पायांना सूज यायची, डोकं हलकं व्हायचं, पण घेत होते.

पुढे काही वर्षांनी रविवारच्या पुरवणीत कोकोवर लेख आला. वन्संनी तो वाचला आणि पेपर तसाच पिशवीत घालून सकाळच्या एस.टी.ने रत्नागिरीला आल्या. त्या दिवशी मोरीकडेसुद्धा गेल्या नाहीत, त्यावरून काय ते समज. माझ्या मशिनीशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सुधे, अगो हे वाच. कोकोच्या बीत कडू असतं ना, त्याने शिरा सैल होतात, रक्त सुरळीत वाहतं. शिरा म्हणजे आपले पाटच गो. पाट आतून आवळला की पाणी जोर करतं, जोर केला की बांध फुटतो. माझ्या दारात औषध उभं आहे आणि खारी खातायत."

मग त्यांचा कारखाना सुरू झाला. बिया टोपलीत केळीच्या पानांखाली आंबवायच्या, खळ्यात, पुढच्या अंगणात, वाळवायच्या, कढईत भाजायच्या, साल पाखडून जात्यावर दळायच्या. पहिला डबा एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती आला. मी एक घोट घेतला आणि मागीलदारी जाऊन थुंकले. कारल्याचं पाणी बरं. तसं मी वन्संना कळवलं. आता त्यांनी काय करावं? आमच्याकडे करांद्यांचे कडू कंद राखेच्या पाण्यात उकळतात, माहीत आहे ना तुला? राखेने कडूपणा उतरतो, पाणी ओतून द्यायचं आणि करांदे खायचे. वन्संनी कोकोच्या बियांनाही तेच केलं. चुलीतली राख, तिचं निवळलेलं पाणी, त्यात बिया. दुसरा डबा आला तो काळाभोर, आणि चवीला इतका गरीब की गूळ घालून आनंदाने प्यावा. वन्संना त्या रंगाचा फार अभिमान. "बाजारातला बघ कसा आजाऱ्यासारखा फिकट. माझा बघ." गुहागरच्या आळीतल्या बायका प्यायला लागल्या. मी तर रोज प्यायची.

आणि प्रत्येक वेळी वन्संचं एक वाक्य ठरलेलं. "मला बघा. ह्या वयात रहाटाचं पाणी बघत्ये, बाग फिरत्ये. गोळी कशी असते ते माझ्या जिभेला ठाऊक नाही." हे त्या ओटीवर म्हणायच्या, लग्नात पंगतीत म्हणायच्या, एस.टी.त शेजारणीला म्हणायच्या. त्यांचं चालणं बघितलं की कुणाचाही विश्वास बसावा. चढणीवर मी दम खात थांबायची आणि त्या वरून म्हणायच्या, "ये गो, मेलीस की काय?"

तरी मी एकदा विचारलं. गणपतीत गुहागरला गेले होते, दोघी बागेत होतो. मी म्हटलं, "वन्सं, खरं सांगा. तुम्ही खरोखर एकही गोळी घेत नाही? कारण माझ्या मनात गोळी सोडायचं येतंय." त्या पाटातला पाला अंगठ्याने सारत होत्या. थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही घेत. तुझ्या गळ्याशप्पथ."

कुणाच्या गळ्याची, तर माझ्या. स्वतःच्या नाही, मुलाच्या नाही. आपल्याकडे बायका बोलता बोलता शंभरदा गळ्याला हात लावतात, ते वेगळं. मी काय विचारत होते आणि कशासाठी विचारत होते, ते त्यांना कळत होतं.

मी गोळी सोडली. चांगलं वाटलं, गं. सूज उतरली, डोकं हलकं होईना. मला वाटलं, पाट मोकळे झाले. हा रोग दुखत नाही, हीच त्याची लबाडी. आत काय चाललंय ते तो सांगत नाही.

एका सकाळी मी खणाचं कापड बेतून कात्री लावली आणि कात्री खाली पडली. उचलायला गेले तर हात तिकडे जाईना. हे पेपर वाचत होते. मी हाक मारली ती मलाच ओळखू आली नाही. रिक्षात ह्यांनी मला धरून ठेवलं होतं आणि माझा उजवा हात मांडीवर पडलेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला आई दिसली.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. एस.टी.तून उतरून थेट. माझा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून चोळत बसल्या, पाटातून गाळ काढावा तशा. कुणी उठा म्हटलं तरी उठेनात. पोटात काही नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा उठायला गेल्या आणि झोकांडी गेली. नर्सने धरून बसवलं, दंडाला पट्टा बांधला. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि विचारलं, आजी, कुठली गोळी घेता? वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, काही घेत नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लपवलंत तर मी भलतं औषध देईन, मग तुम्हालाही हिच्या शेजारी झोपवावं लागेल.

तेव्हा वन्संनी कमरेची चंची काढली. पानसुपारीची त्यांची ती चंची मी इतकी वर्षं बघत होते. सुपारीच्या कप्प्यात सुपारी, काताच्या कप्प्यात कात, आणि चुन्याच्या डबीमागच्या कप्प्यातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. चिपळूणच्या डॉक्टरांनी दिलेली. म्हणजे गुहागरात कुणाला कळायला नको. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? वन्सं म्हणाल्या, "फार वर्षं झाली." कोकोचा लेख यायच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे बागेत माझ्या गळ्याची शपथ घेतली त्या सकाळीही ती पट्टी त्यांच्या कमरेला होती, आणि मी एक हात लांब उभी होते.

माझं तोंड वाकडं झालेलं. मला बोलायचं होतं ते सगळं आतच राहिलं.

आमचे हे साधे. त्यांनी डॉक्टरांना कोकोचं सगळं सांगितलं, ती पुरवणी खोटी का, म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, खोटी नाही. कोकोच्या कडू द्रव्यांनी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल होतं, असं अभ्यासांत दिसतंय. पण गुण थोडा, तो गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नव्हे. अस्तर म्हटलं तसं मला पडल्या पडल्या कळलं. पोलक्याचं अस्तर आकसलं की वरचं कापड कितीही भारी असो, अंगाला काचतंच. मग डॉक्टरांनी वन्संना विचारलं, तुम्ही करता कसा? वन्संनी सगळी कृती सांगितली, राखेपर्यंत.  डॉक्टर हळूच म्हणाले, "आजी, राखेच्या पाण्याबरोबर जे ओतून दिलंत, कामाचं बहुतेक त्यातच होतं."

वन्संचा चेहरा मी तेव्हा बघितला. चंची उघडताना पडला नव्हता इतका तो आता पडला. म्हणाल्या, "म्हणजे मी हिला नुसता गाळ पाजला."

मी घरी आले. पाय सावरले, तोंड सरळ झालं, हात अर्धा आला. हुक लावता येतात, टीप मारता येते, पण कात्री चालत नाही. बेतणं गेलं. शिवणारणीचं बेतणं गेलं की काय राहतं, ते तुला सांगून कळणार नाही. वन्सं येत राहिल्या. यायच्या, मोरी बघायच्या, माझा हात चोळायच्या. एका दुपारी मी विचारलंच, का म्हणून? तेव्हा त्या माझ्या बोटांशी बोलल्यासारखं बोलल्या. "कोको पिणाऱ्या बाईला गोळी लागते असं कळलं असतं तर आबाने दुसऱ्या दिवशी झाडांना कोयता लावला असता गो. तुझे भावोजी गेले, झाडं तेवढी राहिली होती."

मी म्हटलं, "आणि मी कोण होते, वन्सं? मला एकटीला कानात सांगितलं असतंत तर झाडं पडली असती का?"

त्या खाली मान घालून माझी बोटं चोळत राहिल्या.

ह्याच्यातही एक मेख आहे. आबा मला बघायला आले तेव्हा मी झाडांचा विषय काढला. ते हसले. म्हणाले, "वयनीच्या वाट्याची झाडं मी कशाला तोडू? दादाने लावलेली ती. मी आपली गंमत करायचो, ती चिडायची म्हणून." घ्या. ज्या कोयत्याला भिऊन माझ्या गळ्याची शपथ घेतली, तो कोयता कुणी उचललाच नव्हता.

नंतर वन्संनी एक केलं, ते मात्र सांगायला हवं. गुहागरला परत गेल्या आणि रोज सकाळी खळ्यात सगळ्यांदेखत गोळी घ्यायला लागल्या. आल्यागेल्याला थांबवून म्हणायच्या, "बघून घ्या. ही गोळी. मी खोटं बोलत होत्ये, माझ्या भावजयीचा हात गेला." वर राखेशिवायचा कडूजहर कोको, तोंड वाकडं न करता. तिथल्या आळीतल्या बायका रत्नागिरीला आल्या की मला सांगायच्या, इंदूताई किती मोठ्या मनाच्या. मी ऐकून घ्यायची. चारशे माणसांत खरं बोलल्या त्या, पण ज्या सकाळी एकाच माणसापाशी बोलायला हवं होतं, तेव्हा त्यांनी पाटातला पाला सारला.

आणखी एक. आम्ही लहानपणी मानायचो की खोटी शपथ ज्याच्या गळ्याची घ्यावी त्यालाच ती बाधते, आणि ती सोडवायची तर त्यानेच "सुटली" म्हणायचं. पोरींचा खेळ तो. पण वन्संनी मनात धरलं की माझा हात त्या शपथेने गेला. मी सांगितलं, वन्सं, हात गोळी सोडल्याने गेला, शपथेने नाही. त्यांना पटेना. दर खेपेला जायच्या आधी म्हणायच्या, "सुधे, एकदा सुटली म्हण."

मी म्हटलं नाही. तू म्हणशील, एक शब्द तर होता. होता ना. पण तो म्हटला की त्या मोकळ्या, आणि मी इथे कापडासमोर बसलेली. मला तो माझ्याजवळ हवा होता. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मला फसवलं ते परक्याने नाही. जिच्या चालण्याकडे बघून मी चालत होते तिने फसवलं.

शेवटची भेट स्टँडवर झाली. मी पोचवायला गेले होते. वन्सं खिडकीशी बसल्या, चंची मांडीवर, गोळ्यांची पट्टी आता सगळ्यांत वरच्या कप्प्यात. गाडी सुरू झाली तसं खिडकीतून माझा उजवा हात धरला आणि म्हणाल्या, "असू दे. पुढच्या खेपेला म्हण." गाडी हलली तरी हात सोडला नाही, कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला. स्टँडच्या फाटकाशी गटार तुंबलं होतं. गाडी त्यावरून गेली तेव्हा त्या वाकून त्याच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

पुढची खेप झाली नाही. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, आणि निरोप आला तोवर सगळं आटपलं होतं. मी नंतरही बागेत गेले नाही. सगळे बोलावतात, मी हाताचं निमित्त सांगते.

आता तुझ्यापुरतं सांगते. ही तुझी वडी मी खाईन, दुपारची, एक तुकडा, सकाळची गोळी घेऊन झाल्यावर. कडू असली तरी थुंकणार नाही. आणि तू अशी घड्याळ बघायला येऊ नकोस. पुढच्या वेळी राहायला ये, तुझ्या नवऱ्याला, ओंकारलाही घेऊन ये. आबा सांगत होते, कोकोची फळं पिवळी व्हायला लागलीत. आपण गुहागरला जाऊ. मला त्या पाटाशी उभं राहून एक शब्द म्हणायचा आहे, म्हणेन की नाही ते अजून ठरत नाही. पण म्हटलाच, तर ऐकायला वन्संच्या घरचं कुणी तरी जवळ हवं. तेव्हा लवकर ये हो.